घरी बांधलेल्या विमानाची इंधन टाकी: गळती कशी शोधायची आणि खोटी गळती कशी ओळखायची

डिसेंबरात रात्री नऊ वाजता शेडमध्ये २२ अंश तापमान आहे. टाकीची सगळी तोंडं बंद करून आत ४० सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब भरला आणि आपण झोपायला गेलो. पहाटे सहाला शेडमध्ये १२ अंश. दाब मोजणाऱ्या नळीतलं पाणी ४० वरून ६ सेंटीमीटरवर आलेलं दिसेल. टाकीतून हवेचा एक बुडबुडाही बाहेर गेलेला नसेल, तरी एवढं उतरेल. हवा गार झाली, आकसली, दाब कमी झाला, बस्स. नाशिकच्या हिवाळ्यात पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक नेहमीचाच, त्यामुळे हा आकडा न समजता चाचणी केली तर चांगली टाकी फोडून पुन्हा सीलंट लावत बसण्याची पाळी येते.

हा लेख मुख्यतः पत्र्याच्या रिव्हेट केलेल्या, पॉलिसल्फाइड सीलंट लावलेल्या टाकीबद्दल आहे. घरी बांधायच्या आरव्ही मालिकेच्या विमानांच्या किटमध्ये पंखाच्या पुढच्या कडेत बसते तशी. आकडेमोडीसाठी एका बाजूची टाकी ८० लिटरची धरली आहे. वेल्डिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीलाही हीच पद्धत चालते; तिथे रिव्हेटऐवजी वेल्ड जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो ती टोकं आधी बघायची.

दाब किती, आणि का एवढाच

कमाल १ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला एक पौंड. पाण्याच्या भाषेत ७० सेंटीमीटर, रक्तदाबाच्या भाषेत साधारण ५२ मिलिमीटर पारा. यापेक्षा जास्त कधीही नाही.

एवढासा दाब काय करणार, असं वाटतं. हिशेब करून बघा. टाकीचा मागचा बॅफल, म्हणजे टाकी मागून बंद करणारी पत्र्याची भिंत, १२० बाय २५ सेंटीमीटरचा असेल तर क्षेत्रफळ ३००० चौरस सेंटीमीटर. १ पीएसआय म्हणजे चौरस सेंटीमीटरला ०.०७ किलो. त्या एका पातळ पत्र्यावर आतून २१० किलोचा भार येतो. पत्रा बाहेर फुगतो, रिव्हेटच्या रांगेतलं सीलंट सोलल्यासारखं सुटतं, आणि जी गळती नव्हती ती चाचणीनेच तयार होते.

म्हणून वर्कशॉपचा कॉम्प्रेसर टाकीला जोडू नका. रेग्युलेटर लावूनही नको. त्याच्या टाकीत ७-८ बार असतात, आणि साध्या रेग्युलेटरची सुई पहिल्या खुणेच्या खाली काय दाखवते यावर भरवसा ठेवता येत नाही. हात क्षणभर घसरला की टाकी गेली. हवा भरायची ती हाताने.

टाकीत आधी कधी पेट्रोल भरलं गेलं असेल तर गोष्ट वेगळी. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते आणि हवा भरली की आत स्फोटक मिश्रण तयार होतं. अशी टाकी आधी पूर्ण रिकामी करून, झाकणं काढून, उघड्यावर बरेच दिवस हवेशीर ठेवायची, आणि तिच्याजवळ ड्रिल, ग्राइंडर, हीट गन काहीही चालवायचं नाही.

सामान

यातलं बहुतेक हार्डवेअर आणि मेडिकलच्या दुकानात मिळतं.

- गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप, ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची, ६ मीटर
- रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा, व्हॉल्व्हसकट. घड्याळासारखा मीटरही असेल तर उत्तम
- दोन छोटे बॉल व्हॉल्व्ह आणि एक टी (तीन तोंडांचा जोड)
- अर्धा लिटरची जाड प्लास्टिकची बाटली, घट्ट झाकणाची
- लाकडी पट्टी सव्वा मीटर, तिच्यावर चिकटवायला शिंप्याचा टेप
- मत्स्यालयासाठी मिळतात ते वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल तापमापक
- भांडी घासायचं लिक्विड, ग्लिसरीन, मऊ रंगाचा ब्रश, टॉर्च
- टाकीच्या प्रत्येक तोंडासाठी बूच
- एक जाड गोधडी

बुचांबद्दल सविस्तर लिहावं लागेल, कारण निम्म्या खोट्या गळत्या इथेच जन्मतात. टाकीच्या इंधन बाहेर जाण्याच्या आणि व्हेंटच्या (हवा आत येण्याच्या वाटेच्या) तोंडांवर विमानी मापाची एएन फिटिंग असतात, ३७ अंशांच्या फ्लेअरची, म्हणजे निमुळत्या तोंडाची. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर भागातल्या हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात मिळणारी जेआयसी टोपणंही ३७ अंशांचीच असतात, आणि आटेही तेच: एएन-४ ला ७/१६-२०, एएन-६ ला ९/१६-१८. ती स्टीलची टोपणं चाचणीपुरती चालतात. हाताने घट्ट करून पान्याने जेमतेम थोडी, कारण खाली मऊ अ‍ॅल्युमिनियम आहे. उड्डाणाला ती ठेवायची नाहीत. मोटारीच्या ब्रेक लाइनचं फिटिंग ४५ अंशांचं असतं. ते बसल्यासारखं वाटतं, बसत मात्र नाही.

खरी फसगत ड्रेन व्हॉल्व्हच्या भोकात होते. तिथे बहुधा १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे निमुळते आटे असतात. आपल्याकडे दुकानात १/८ मागितलं की हातात येतं ते ब्रिटिश मापाचं बीएसपी. एनपीटीला इंचात २७ आटे आणि ६० अंशांचा कोन, बीएसपीला २८ आटे आणि ५५ अंश. दोन-तीन फेरे छान फिरतं, मग अडतं. तिथे जोर लावला की टाकीच्या फ्लॅंजचे आटे कायमचे खराब होतात. दुकानात जाताना आट्याचा गेज किंवा मूळ व्हॉल्व्हच खिशात ठेवा.

टेफ्लॉन टेप इंधनाच्या कुठल्याही आट्याला लावू नका, चाचणीपुरतीही नाही. तिचे तंतू सुटून टाकीतून इंधन ओढणाऱ्या पिकअपच्या जाळीत जाऊन बसतात. निमुळत्या आट्यांना इंधनाला टिकणारं थ्रेड सीलंट पहिले दोन आटे सोडून लावायचं. फ्लेअर फिटिंगला काहीच लावायचं नाही. तिथे धातू धातूला टेकूनच बंद होतो.

प्रत्येक बुचाला लाल कापडाची लांब पट्टी बांधा, आणि किती बुचं लावली ते टाकीवरच मार्करने लिहा. याचं कारण शेवटी येईल.

नळीचा मॅनोमीटर, जो स्वतःच फ्यूज आहे

मॅनोमीटर म्हणजे पाण्याच्या उंचीवरून दाब मोजणारी नळी. लेव्हल पाइप पट्टीवर यू आकारात बसवा. खालचं वळण मोठं ठेवा, चिमटलं जाऊ नये. दोन्ही बाजूंना ३८ सेंटीमीटर उंचीपर्यंत पाणी भरा. ८ मिलिमीटर नळीचं छेदक्षेत्र अर्धा चौरस सेंटीमीटर, म्हणजे वळणासकट ४०-४५ मिलिलिटर पाणी पुरतं. त्यात खायचा रंग आणि लिक्विड साबणाचा एकच थेंब. साबणामुळे पाणी नळीच्या भिंतीला अडकून राहत नाही आणि मधले बुडबुडे सुटतात.

एक बाजू टाकीला जोडायची, दुसरी उघडी ठेवायची. वाचायचा असतो तो दोन पातळ्यांमधला फरक. ७० सेंटीमीटर दाबाला एक बाजू ३५ खाली जाते, दुसरी ३५ वर. एकाच बाजूचा आकडा वाचून निम्मा दाब धरण्याची चूक फार सहज होते, आणि मग माणूस दुप्पट हवा भरतो.

३८ हा आकडा मुद्दाम निवडला आहे. फरक ७६ सेंटीमीटरला पोचला की टाकीकडच्या बाजूचं पाणी वळणापर्यंत उतरतं आणि जास्तीची हवा बुडबुड करत उघड्या बाजूने निघून जाते. म्हणजे १.०८ पीएसआयच्या वर टाकी जाऊच शकत नाही, अट एवढीच की हवा हळू भरली जातेय. उघडी बाजू सव्वा मीटर उंच ठेवा, वर उलटं वळवून बादलीत सोडा.

टाकी आणि यू नळी यांच्यामध्ये ती रिकामी बाटली हवी. टाकी पहाटे फार गार झाली तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि नळीतलं पाणी टाकीकडे ओढलं जातं. बाटली असली की ते तिच्यात पडतं. बाटलीच्या झाकणातली दोन्ही भोकं एपॉक्सीने बंद करा आणि पहिल्यांदा साबण तिथेच लावा.

हवा भरायचं तोंड आणि मॅनोमीटरचं तोंड वेगवेगळं ठेवा: फुगा व्हेंटला, मॅनोमीटर इंधनाच्या तोंडाला. एकाच टीवर दोन्ही असले तर पंप मारताना नळी टाकीचा नाही, पंपाचा दाब दाखवते.

बऱ्याच जणांना खेळण्यातला साधा रबरी फुगा टाकीच्या तोंडाला बांधून ठेवण्याची पद्धत माहीत असते. फुगा जास्त दाब होऊ देत नाही, हा त्याचा गुण. पण तो स्वतः रबरातून हवा सोडतो, आणि रात्रीत किंचित लहान झाला की किंचित म्हणजे किती, हे सांगता येत नाही. मोठी गळती आहे का एवढंच बघायचं असेल तर बांधा. निर्णय त्यावर घेऊ नका.

आधी उपकरणाची चाचणी

टाकीऐवजी वीस लिटरचा पाण्याचा जार जोडा, ७० सेंटीमीटर दाब भरा, सावलीत अर्धा तास बघा, प्रत्येक सांध्याला साबण लावा. उपकरणच गळत असेल तर इथे कळतं. ही पायरी गाळणारे नंतर टाकीला दोष देत बसतात.

सीलंट पिकलंय का

बी-२ प्रकारच्या पॉलिसल्फाइडला २५ अंशांना काम करायला दोन तास मिळतात, हाताला चिकटेनासं व्हायला दिवस लागतो आणि पुरेसं पिकायला साधारण ७२ तास. तापमान दहा अंशांनी उतरलं की वेळ दुप्पट. नाशिकच्या जानेवारीत शेडमध्ये सरासरी १५ अंश असेल तर तीन दिवसांचे सहा होतात. उलट मे महिन्यात दोन तासांचा हातातला वेळ तासाच्याही आत येतो, आणि अर्धवट घट्ट झालेलं सीलंट रेटून भरलं की त्यात हवेच्या पोकळ्या राहतात.

प्रत्येक मिश्रणाचा एक थर वेगळ्या पत्र्याच्या तुकड्यावर लावून तारीख लिहून ठेवा. नख रुतलं तर चाचणी नको. शेवटच्या सीलंटनंतर दोन आठवडे थांबणं उत्तम. घाईने फायदा काहीच नाही.

साबणाची चाचणी: ७० सेंटीमीटरवर

गळती शोधण्याचं खरं काम साबण करतो. मॅनोमीटर या बाबतीत फार मंद आहे. ८० लिटरच्या टाकीत पाणी १ सेंटीमीटर उतरायला सुमारे ८३ मिलिलिटर हवा बाहेर जावी लागते. आता एखाद्या रिव्हेटमधून मिनिटाला पाच मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा निघतोय असं धरा. तासाला जेमतेम ४ मिलिलिटर हवा. दहा तासांत नळी अर्धा सेंटीमीटर उतरेल, ते कोणालाच दिसणार नाही. साबणात मात्र तो बुडबुडा टॉर्चच्या उजेडात लगेच चमकतो. इंधन टाकीला अशी गळती चालत नाही. तिथून पुढे वर्षानुवर्षं डाग पडत राहतो.

द्रावण: एक लिटर पाणी, ५० मिलिलिटर लिक्विड, एक मोठा चमचा ग्लिसरीन. ग्लिसरीन उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत द्रावण पटकन वाळू देत नाही. कपडे धुण्याची पावडर किंवा सोडा नको. त्याचा क्षार अ‍ॅल्युमिनियमला खातो.

टाकी पाळण्यासारख्या आधारावर ठेवा, म्हणजे सगळ्या बाजू बघता येतील. फुग्याने हवा भरा. नाशिकच्या उंचीवर, जिथे बाहेरचा दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या (हवेच्या दाबाचं एकक) आसपास असतो, तिथे ७० सेंटीमीटरला पोचायला ८० लिटरच्या टाकीत पावणेसहा लिटर जास्तीची हवा लागते. फुगा शंभरेक वेळा दाबावा लागेल. हात दुखतो, पण हळू भरण्याची सक्ती आपोआप होते. भरल्यावर पंधरा मिनिटं थांबा, पत्रा ताणून स्थिर होऊ द्या.

मग या क्रमाने, एका वेळी वीतभर भाग:

आधी सगळी बुचं, व्हॉल्व्ह, नळीचे सांधे. त्यानंतर इंधनाचं झाकण. इथे फेस येणारच असं समजून चाला. ओ-रिंग कोरडी असते किंवा झाकणाची पकड सैल असते. झाकण नीट बसवून पुन्हा बघा, तरीही येत असेल तर तात्पुरतं रुंद चिकटपट्टीने बंद करून पुढे जा. पण यादीत लिहून ठेवा. पंखाच्या वरच्या बाजूला उडताना दाब कमी असतो, सैल झाकणातून इंधन वर ओढलं जातं, आणि जमिनीवर उभं असताना पावसाचं पाणी आत जातं. नाशिकच्या जुलैत ते किती असेल ते सांगायला नको.

मग तपासणीची प्लेट आणि इंधनाची पातळी सांगणारा फ्लोट सेंडर, प्रत्येक स्क्रूचं डोकं वेगळं. सेंडरच्या मधल्या विजेच्या टर्मिनलभोवतीही. ड्रेनचा फ्लॅंज. आणि मग रिव्हेटच्या रांगा.

रिव्हेटमध्ये सर्वांत संशयित जागा म्हणजे जिथे तीन पत्रे भेटतात: टोकाची रिब (पंखाची फासळी), मागचा बॅफल आणि वरची किंवा खालची पत्र्याची कातडी. हे चार कोपरे दोनदा बघा. त्यानंतर बॅफलवर झेड आकाराचे कंस बसवणारे ब्लाइंड (एकाच बाजूने ठोकायचे) रिव्हेट. तिथे एडी-४२एच सारखे बंद तोंडाचे लागतात. बाजारातला साधा पॉप रिव्हेट लावला असेल तर त्याच्या मधल्या खिळ्याच्या भोकातून हवा थेट बाहेर येते, कितीही सीलंट फासलं असलं तरी.

मोठी गळती लगेच साबणाचा फुगा काढते. लहान गळती पाच-दहा मिनिटांनी रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढऱ्या बारीक फेसाचं कडं करते. ब्रशने झालेल्या फेसात ते हरवतं. म्हणून ब्रश हळू ओढा, आधीचा फेस विरू द्या, आणि टॉर्च बाजूने तिरपा धरा. सापडलेल्या जागेला मार्करने गोल करा. पेन्सिलीने नको, ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमवर गंजाचं कारण होतं.

संपलं की साध्या पाण्याने धुवा आणि पुसून कोरडं करा. फिटिंगच्या खाचेत राहिलेला साबण धातूला त्रास देतो आणि पुढे सीलंट चिकटू देत नाही.

रात्रभराची चाचणी: ४० सेंटीमीटरवर

साबणात काही दिसलं नाही की मग ही. ७० ऐवजी ४० का? सकाळी १२ अंशांवर भरलेली टाकी दुपारी २८ अंशांवर गेली की पाणी ५६ सेंटीमीटर चढायला निघतं. ४० वर ५६, म्हणजे ९६. मर्यादा ओलांडून नळी बुडबुडायला लागेल आणि चाचणी वाया जाईल. म्हणून ४० वर भरा आणि ऊन चढायच्या आत वाचन संपवा.

लक्षात ठेवायचे आकडे दोनच. आतल्या हवेचं तापमान एक अंश बदललं की पाणी साडेतीन सेंटीमीटर सरकतं. बाहेरचा हवेचा दाब एक हेक्टोपास्कल बदलला की एक सेंटीमीटर, उलट दिशेने: बाहेरचा दाब उतरला की नळी चढते.

दुसरा आकडा क्षुल्लक वाटतो, पण आपल्या अक्षांशावर हवेचा दाब रोज ठरल्या वेळी वरखाली होतो. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे चारला आणि दुपारी चारला कमी. सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये तीन-चार हेक्टोपास्कल उतरतात. म्हणजे तापमान अजिबात न बदलता नळी तीन-चार सेंटीमीटर चढते, आणि तेवढी गळती तिच्यामागे लपू शकते. बऱ्याच मोबाइलमध्ये वायुदाबमापक असतो. त्याचं अ‍ॅप उतरवा आणि मोबाइल टाकीशेजारीच ठेवून वाचा.

तापमापकाचे सेन्सर टाकीच्या पत्र्याला, एक वर आणि एक खाली, टेपने चिकटवा आणि त्यांवर कापसाचा बोळा. खोलीचं तापमान घेऊन उपयोग नाही. मग पूर्ण टाकी गोधडीत गुंडाळा. बदल होईलच, पण हळू होईल आणि दोन्ही सेन्सर एक अंशाच्या आत राहतील. ते तसे नसतील तर त्या क्षणाचं वाचन धरू नका.

हिशेब असा. रात्री नऊ: २२.० अंश, ९४६ हेक्टोपास्कल, नळी ४०. सकाळी सहा: १६.० अंश, ९४५ हेक्टोपास्कल, नळी १९. तापमानामुळे अपेक्षित उतार ६ गुणिले साडेतीन, म्हणजे २१. बाहेरचा दाब एकाने उतरला म्हणून १ सेंटीमीटर चढ. अपेक्षित आकडा २०. प्रत्यक्षात १९. फरक एक सेंटीमीटर, आणि सेन्सरच्या पाव-अर्धा अंशाच्या चुकीतच तो बसतो. टाकी पास. हाच आकडा ९ आला असता तर ११ सेंटीमीटरची खरी तूट, म्हणजे जवळपास ९०० मिलिलिटर हवा गेलेली. साबण पुन्हा हातात घ्यायचा.

आमच्या मते हिशेबानंतर रात्रभरात २ सेंटीमीटरपर्यंत तूट चालते, मात्र साबणात एकही बुडबुडा नसेल तरच.

दोन्ही पंखांच्या टाक्या तयार असतील तर याहून सुटसुटीत युक्ती आहे. यू नळीची एक बाजू डाव्या टाकीला, दुसरी उजवीला जोडा. दोन्ही टाक्या एका टीने जोडून, मधला व्हॉल्व्ह उघडा ठेवून, रक्तदाबाच्या मीटरवर ३० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत एकत्र हवा भरा. मग मधला व्हॉल्व्ह बंद. आता तापमान आणि हवेचा दाब दोन्हीकडे सारखाच बदलतो आणि नळी फक्त फरक दाखवते. ज्या बाजूचं पाणी वर चढेल ती टाकी गळते. दोन्ही टाक्या शेजारी, एकाच गोधडीखाली हव्यात. एकीवर खिडकीचं ऊन आलं तर सगळं फुकट. या जोडणीत यू नळीचा फ्यूज राहत नाही, म्हणून मीटर डोळ्यासमोर ठेवूनच भरा आणि ऊन चढायच्या आत सोडा.

गळती सापडली तर

बाहेर जिथे बुडबुडा येतो तिथेच आतलं भोक असतं असं नाही. हवा रिबच्या पट्टीखालून सरकत तीन-चार रिव्हेट पुढे बाहेर पडते. खरी जागा उलट पद्धतीने सापडते: तपासणीची प्लेट काढा, बाहेरच्या जागेवर रबरी कप दाबून त्यातून फुग्याने हलकी हवा द्या, आणि आतून साबण लावून छोट्या आरशात बघा. फेस आतून जिथे येतो तिथे सीलंट लावायचं.

बाहेरून सीलंट थापू नका. इंधनाचा दाब ते ढकलून काढतो. आतून लावलेलं तोच दाब पत्र्याला चिकटवून धरतो. बॅफलमधल्या आडबाजूच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचत नसेल तर बॅफलला गोल भोक पाडून, काम करून, वर प्लेट सीलंट लावून रिव्हेट करतात. किट बनवणाऱ्यांकडून अशी तयार झाकणं मिळतात.

आत हात घालण्याआधी साबण पाण्याने पूर्ण काढा आणि टाकी वाळवा. जुन्या सीलंटची सैल कड कापा, मळकट लाल स्क्रब पॅडने पृष्ठभाग खरखरीत करा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. आपोआप वाळू दिलं तर विरघळलेली घाण तिथेच परत बसते. सीलंटचे दोन घटक वजनाने १० ला १. सोनार वापरतात तसा बारीक काटा घ्या, अंदाजाने नको. पांढरट आणि काळ्याचे पट्टे दिसेनासे होईपर्यंत ढवळा. शिवणीच्या दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर जाईल एवढा भराव द्या, आणि ओल्या काडीने नाही, कोरड्या काडीने ओढा. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात मिग-सुखोईवर काम करून निवृत्त झालेली बरीच मंडळी नाशकात आहेत. ओळखीत कोणी असेल तर भराव कसा ओढतात ते समोर बसून बघा. लिहून ते फारसं पोचत नाही.

एकट्यादुकट्या रिव्हेटला आत किंचित निर्वात करून बाहेरून पातळ झिरपणारं लॉकटाइट २९० ओढून घेण्याची युक्ती चालते. दहा सेंटीमीटर पाण्यापेक्षा जास्त ओढू नका, नाहीतर पत्रा आत बसतो. ही तडजोड आहे; शिवणीला किंवा कोपऱ्याला ती लावू नये. आणि आत ओतून फिरवायचं जुनं स्लॉश कंपाउंड तर नकोच. काही वर्षांनी त्याची सालं निघतात आणि फिल्टर बंद करतात.

दुरुस्तीनंतर पिकण्याचा पूर्ण वेळ, मग पुन्हा सुरुवातीपासून.

शेवटी इंधन

हवेच्या चाचणीत पास झालेली टाकीही पेट्रोलला वाट देऊ शकते, म्हणून ही चाचणी टळत नाही. पाणी भरून बघू नका. ते बॅफलच्या कोपऱ्यात राहतं आणि पेट्रोलइतकं झिरपतही नाही. मिनरल टर्पेंटाइन सुरक्षित समजून वापरलं जातं, पण त्याचा फ्लॅश पॉइंट ३५-४० अंशांच्या घरात आहे आणि एप्रिलमध्ये पत्र्याची शेड तेवढी तापतेच.

जे इंधन उडताना वापरणार तेच घ्या. १००एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असल्याने झिरपलं की डाग लगेच दिसतो. रोटॅक्स ९१२ इंजिनला मोटारीचं पेट्रोल चालत असलं तरी इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे आणि पंपावर आता २० टक्केवालं मिळतं, तेव्हा ते टाकीत ओतण्याआधी इंजिन, सीलंट आणि होजच्या कागदपत्रांत बघा.

हे काम उघड्यावर, सावलीत, सकाळी. टाकी, फनेल आणि कॅन तांब्याच्या वायरने एकमेकांना आणि जमिनीला जोडा. कोरड्या हवेत स्थिर वीज जास्त साठते. कॅन जमिनीवर ठेवून भरलेला हवा, गाडीच्या गालिच्यावर नाही. जवळ सहा किलोचं एबीसी पावडर अग्निशामक. मोबाइल लांब.

व्हेंट उघडा ठेवा, आता दाब नकोय. टाकीच्या बाहेरून सगळ्या शिवणींवर खडूची पूड ब्रशने लावा. दहा लिटर इंधन ओता आणि टाकी एका दिवसाला एका कडेवर उभी करा: पुढची कड खाली, मग बॅफल खाली, मग दोन्ही टोकं आळीपाळीने. प्रत्येक वेळी बुडालेली शिवण बघा. झिरपलेलं पेट्रोल पूड ओली करतं आणि वाळल्यावर कडा असलेला डाग ठेवतं. त्यानंतर टाकी पूर्ण भरून दोन दिवस. भरताना पाच-पाच लिटरला सेंडरचं वाचन लिहून घेतलं तर मापनाचं कामही त्यातच उरकतं.

रिकामी करताना इंधन पांढऱ्या कपड्यातून गाळा. पहिल्या धुण्यात पत्र्याचा कीस आणि सीलंटचे तुकडे निघतातच. निघेनासे होईपर्यंत दोन-तीनदा खळबळा. पंखावर बसवून लाइनी जोडल्यावर सांध्यांपुरती साबणाची चाचणी एकदा पुन्हा करा, कमी दाबावर, पण यावेळी टाकीत वाफ आहे हे धरून: हवेऐवजी नायट्रोजन, आणि तोही फुग्यासारख्या पिशवीत काढून, सिलिंडर थेट जोडून नाही.

मग बुचं मोजा. टाकीवर लिहिलेला आकडा आणि हातातल्या लाल पट्ट्या जुळल्या पाहिजेत. व्हेंटचं बूच राहिलं तर पंप इंधन ओढत राहतो, आत हवा येत नाही, पत्रा आत चेपतो आणि इंजिन थांबतं, बहुधा उड्डाणानंतर थोड्याच वेळात. व्हेंटच्या बाहेरच्या टोकाला स्वच्छ नळी लावून झाकण उघडं ठेवून फुंका. हवा अडथळ्याशिवाय जाते हे कळल्यावरच चाचणीची वही बंद करा.